ओपनडब्ल्यूआरटी बसवताय? राउटर बंद पाडणाऱ्या या चुका टाळा

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरमधली कंपनीची मूळ प्रणाली काढून त्या जागी बसवता येणारी, लिनक्सवर आधारित मुक्त प्रणाली. ती बसवण्याच्या खटपटीत बंद पडलेले राउटर गेली काही वर्षे ओळखीतून माझ्याकडे दुरुस्तीला येत आहेत, आणि ते उघडून तपासताना एक गोष्ट वारंवार दिसली आहे. त्यांतले बहुतेक राउटर फ्लॅश करताना, म्हणजे नवी प्रणाली त्यांच्या मेमरीत लिहिताना, बिघडलेलेच नसतात. फ्लॅश व्यवस्थित पार पडलेले असते. पुढच्या दहा मिनिटांत मालकाने घाबरून जे उपाय केले, त्यांनी तो राउटर गेलेला असतो. त्यामुळे खाली लिहिलेल्या चुकांपैकी दोन चुकांवर मी जास्त वेळ घेणार आहे आणि बाकीच्यांबद्दल थोडक्यात सांगणार आहे.

नाव वाचतात, आवृत्ती वाचत नाहीत

पहिली चूक राउटरला हात लावण्यापूर्वीच होते. राउटर उताणा केला की खालच्या लेबलवर मॉडेलच्या नावाशेजारी बारीक अक्षरांत ‘व्हर’ असे लिहून एक आकडा छापलेला असतो. तो आकडा म्हणजे हार्डवेअरची आवृत्ती. कंपन्या नाव, खोका आणि बाहेरचा प्लास्टिकचा सांगाडा तोच ठेवून आतला प्रोसेसर आणि मेमरी सर्रास बदलतात. ही सवय आजची नाही. ज्या राउटरवरून ओपनडब्ल्यूआरटीला नाव मिळाले त्या लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जीची पाचवी आवृत्ती २००५ साली आली, तेव्हा तिच्यातली फ्लॅश मेमरी २ एमबी आणि रॅम ८ एमबी इतकी कमी झाली होती आणि आतली लिनक्सही काढून टाकण्यात आली होती. नाव मात्र तेच राहिले.

आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूआर८४१एनची तऱ्हा तीच आहे. त्याच्या तेराव्या आवृत्तीत ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम आहे. चौदाव्या आवृत्तीत नेमके त्याच्या निम्मे, म्हणजे ४ आणि ३२. आर्चर सी६च्या दुसऱ्या आवृत्तीत क्वालकॉमची चिप आहे, तर तिसरीत मीडियाटेकची एमटी७६२१. एकाची फाइल दुसऱ्याला चालण्याचा प्रश्नच येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका मित्राने पुण्यात जुना डब्ल्यूआर८४१एन विकत घेतला. सोबतच्या खोक्यावर तेरावी आवृत्ती छापलेली होती आणि त्याने खोक्यावर विश्वास ठेवला. या दोन्ही आवृत्त्यांमध्ये टीएफटीपीने (केबलवरून फाइल पाठवण्याच्या एका साध्या पद्धतीने) फ्लॅश करताना फाइलला ‘टीपी_रिकव्हरी.बिन’ असे एकच नाव द्यावे लागते, संगणकाला १९२.१६८.०.६६ हाच पत्ता द्यावा लागतो आणि रिसेटचे बटण दाबून धरून राउटर चालू करावा लागतो. सगळे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे घडले. बूटलोडरने, म्हणजे राउटर चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, फाइल मागितली, संगणकाने ती दिली, पूर्ण पोहोचल्याचा संदेशही आला, पण त्यानंतर राउटरवरचा फक्त एक दिवा पेटून तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी राउटर माझ्या टेबलावर आला तेव्हा तो टीएफटीपीची मागणीसुद्धा करत नव्हता, याचा अर्थ बूटलोडरही पुसला गेला होता. लेबल पाहिले तर आवृत्ती चौदावी होती. खोका दुसऱ्याच कुठल्या तरी राउटरचा होता.

मग रबरी पायांखालचे स्क्रू काढणे, आठ पायांची फ्लॅश चिप सोल्डर तापवून सोडवणे, ती सीएच३४१ए प्रोग्रॅमरवर बसवणे आणि लिहिण्याआधी तिच्यातला सर्व मजकूर एकदा वाचून जतन करणे असा संपूर्ण रविवार गेला. वाचून जतन करण्याची ती एक पायरी मी गाळली असती, तर राउटर पुन्हा चालू होऊनही त्याचे वायफाय कायमचे कमकुवत राहिले असते. प्रत्येक राउटरच्या रेडिओचे कॅलिब्रेशन कारखान्यात स्वतंत्रपणे केलेले असते आणि ते आकडे याच चिपच्या एका छोट्या भागात साठवलेले असतात. अथेरॉसच्या चिप असलेल्या टीपी-लिंक राउटरांत हा भाग शेवटच्या ६४ केबीमध्ये असतो व त्याला ‘आर्ट’ म्हणतात. मीडियाटेकच्या अनेक राउटरांत तो ‘फॅक्टरी’ किंवा ‘रेडिओ’ या नावाने दिसतो. हे आकडे इंटरनेटवरून उतरवून मिळत नाहीत, कारण ते जगात फक्त त्या एकाच राउटरचे असतात. मित्राच्या चिपमध्ये तो भाग शाबूत होता, म्हणून राउटर पूर्ण वाचला.

त्या दिवसापासून माझी सवय अशी आहे की मी लेबलचा फोटो काढतो आणि तो फोटो समोर ठेवूनच ओपनडब्ल्यूआरटीच्या हार्डवेअर तक्त्यात शोध घेतो. खोका, पावती, दुकानदाराचे सांगणे आणि स्वतःची आठवण यांपैकी कशालाही मी पुरावा मानत नाही. आणि ४ एमबी फ्लॅश व ३२ एमबी रॅमचा राउटर निघाला, तर मी सरळ नको म्हणतो. अशा राउटरांचा आधार १९.०७ या आवृत्तीनंतर संपला आहे, आणि सुरक्षेसाठी म्हणून कालबाह्य प्रणाली बसवण्यात काही अर्थ नाही. ८ आणि ६४चीही आता ओढाताण होते. नवा राउटर घेणार असाल तर किमान १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम पाहून घ्या.

वायफाय दिसत नाही, म्हणून राउटर मेला असे समजणे

माझ्या दृष्टीने ही सर्वांत दुःखद चूक आहे, कारण ती निरोगी राउटरचा बळी घेते. ओपनडब्ल्यूआरटी नव्याने बसवल्यावर बहुतेक राउटरांचे वायफाय मुद्दाम बंद ठेवलेले असते. त्यावेळी रूट या मुख्य खात्याला पासवर्ड नसतो, आणि पासवर्ड नसलेला राउटर हवेत उघडा सोडणे चुकीचे ठरेल, हे त्यामागचे कारण आहे. पण नवशिका माणूस मोबाइल हातात घेऊन वायफायची यादी पाहत बसतो. जुने नाव दिसत नाही, नवे नाव येत नाही, आणि पाचव्या मिनिटाला त्याचा धीर सुटतो.

साताऱ्याच्या माझ्या भाच्याने नेमके हेच केले. फ्लॅश झाल्यावर वायफाय दिसेना, म्हणून त्याने राउटर बंद करून चालू केला. तरीही दिसेना, म्हणून रिसेटचे बटण तीस सेकंद दाबून धरले. त्यानंतर कुठल्याशा व्हिडिओत पाहून मूळ कंपनीची फाइल परत चढवायला सुरुवात केली आणि पट्टी पुढे सरकत नाही असे वाटल्यावर, लिहिणे चालू असतानाच, प्लग उपसला. रात्री साडेअकराला मला फोन आला. “मामा, राउटर गेला,” एवढेच तो म्हणाला. मी विचारले, लॅनची केबल लावून पाहिलीस का? घरात केबलच नव्हती. राउटरच्या खोक्यात आलेली पिवळी केबल मागच्या दिवाळीच्या साफसफाईत टाकून दिली होती. पहिल्या फ्लॅशनंतर तो राउटर ठणठणीत होता आणि केबल लावून १९२.१६८.१.१ उघडले असते तर लुसीचे, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटीच्या सेटिंग्जचे, पान समोर आले असते, हे त्याला समजावून सांगताना मलाच वाईट वाटले.

म्हणून केबल हाताशी नसेल, तर त्या दिवशी काम सुरूच करू नये असे मी स्पष्ट सांगतो. फ्लॅश झाल्यावर मी घड्याळ लावून दहा मिनिटे राउटरला हात लावत नाही, कारण पहिल्यांदा चालू होताना प्रणाली स्वतःसाठी लिहिण्याजोगा भाग तयार करत असते आणि मोठ्या नॉर प्रकारच्या फ्लॅश चिपवर त्याला खरोखर काही मिनिटे लागतात. त्या काळात संगणकावर १९२.१६८.१.१ला अखंड पिंग (उत्तर येते का हे पाहणारे छोटे संदेश) चालू ठेवतो. उत्तरात टीटीएल हा आकडा ६४ दिसला की लिनक्स उठली आहे. अनेक राउटरांचा बूटलोडर १०० असा आकडा देतो. तो काही क्षण दिसून नाहीसा झाला, तर राउटर जिवंत आहे, एवढे तरी कळते. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. टीएफटीपीसाठी संगणकाला दिलेला १९२.१६८.०.६६ हा पत्ता तसाच राहिला, तर १९२.१६८.१.१ कधीच सापडणार नाही. पत्ता पुन्हा आपोआप घेण्यावर ठेवावा लागतो.

प्रणाली खरोखरच अडकली असेल तर फेलसेफ, म्हणजे तुमच्या सेटिंग्ज बाजूला ठेवून राउटर चालू करण्याची सोय, वापरावी. राउटर चालू होताना दिवा लुकलुकू लागतो, त्या दोन-तीन सेकंदांत कोणतेही बटण दाबले की दिवा फार वेगाने लुकलुकतो. मग संगणकाला १९२.१६८.१.२ हा पत्ता द्यावा, एसएसएचने (संगणकावरून राउटरला लिखित आज्ञा देण्याच्या पद्धतीने) रूट म्हणून आत जावे आणि ‘फर्स्टबूट’ ही आज्ञा देऊन राउटर पुन्हा सुरू करावा. यात मूळ प्रणालीला धक्का लागत नाही. फक्त तुम्ही केलेले बदल पुसले जातात.

स्नॅपशॉट, म्हणजे विकासाच्या वाटेवरची चाचणीची आवृत्ती, बसवणाऱ्यांची गोष्टही जवळजवळ अशीच आहे. स्नॅपशॉटमध्ये लुसी नसते, त्यामुळे ब्राउझरमध्ये पान उघडत नाही आणि माणूस राउटर मेला असे ठरवतो. एसएसएच चालू असते. पण एसएसएच म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही, त्याने स्नॅपशॉटच्या वाटेला जाऊच नये. स्थिर आवृत्ती त्याच्यासाठीच तयार केलेली आहे.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

कंपनीच्या मूळ प्रणालीवरून येताना ‘फॅक्टरी’ फाइल लागते आणि ओपनडब्ल्यूआरटीवरून ओपनडब्ल्यूआरटीवर जाताना ‘सिसअपग्रेड’. दोन्हींची अदलाबदल करू नका. फाइल उतरवल्यावर तिची शा२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे दाखवणारी खूण) जुळवून पाहा, याला अर्धा मिनिट लागतो. जुन्या टीपी-लिंक राउटरच्या अपग्रेडच्या पानावर फाइलचे लांबलचक नाव चालत नाही, ते छोटे करा. वायफायवरून फ्लॅश करू नका. वीज जाण्याची शक्यता असेल तर राउटर यूपीएसवर घ्या. यूपीएस नसेल तर वीज नियमित असलेल्या वेळी काम करा. १९.०७वरून २१.०२ किंवा त्यापुढे जाताना अनेक राउटरांवर आवृत्ती जुळत नसल्याची सूचना येते, कारण आतल्या स्विचची मांडणी डीएसए या नव्या पद्धतीची झाली आहे. तेव्हा जुन्या सेटिंग्ज टिकवण्याचा हट्ट सोडून कोरी सुरुवात करा.

टीएफटीपी चालत नाही

राउटर फाइल मागतच नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा राउटर क्वचितच दोषी असतो. राउटर बंद असताना संगणकाच्या लॅन पोर्टला दुसऱ्या टोकाला काहीच दिसत नाही, म्हणून विंडोज तो पोर्ट झोपवते. राउटर चालू झाल्यावर पोर्ट जागा होऊन पत्ता घेईपर्यंत बूटलोडरची मागणी येऊन गेलेली असते. यावर माझा उपाय म्हणजे पाच पोर्टांचा साधा स्विच. संगणक आणि राउटर यांच्यामध्ये तो ठेवला की संगणकाचा पोर्ट कायम जागा राहतो. याच कामासाठी असा एक जुना स्विच माझ्या खणात वेगळा ठेवलेला आहे. त्यासोबत विंडोजचा फायरवॉल तेवढ्यापुरता बंद करावा लागतो आणि काम झाल्यावर आठवणीने चालू करावा लागतो.

आत शिरून सिरियल जोडणी करायची वेळ आलीच, तर ३.३ व्होल्टचाच यूएसबी-टीटीएल वापरा. फक्त ग्राउंड, आरएक्स आणि टीएक्स या तीन तारा जोडा. व्हीसीसीची तार मोकळी राहू द्या, कारण राउटरला वीज त्याच्या स्वतःच्या अडॅप्टरमधून मिळत असते.

केबलवाल्याची माहिती लिहून न घेणे

मूळ प्रणाली पुसण्यापूर्वी पीपीपीओईचे (इंटरनेट जोडणीत शिरण्याचे) नाव व पासवर्ड, व्हीलॅनचा आकडा असल्यास तो, आणि वॅन म्हणजे इंटरनेटच्या बाजूच्या पोर्टचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळखक्रमांक) कागदावर लिहून घ्या. आपल्याकडचे अनेक स्थानिक केबलवाले जोडणी मॅक पत्त्याला बांधून ठेवतात. ही माहिती हाताशी नसेल तर शनिवारी संध्याकाळी इंटरनेट बंद पडते आणि सोमवारपर्यंत फोन कोणी उचलत नाही.

फायबरच्या डब्यामागे ओपनडब्ल्यूआरटीचा राउटर लावणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. डब्याचा पत्ताही १९२.१६८.१.१ असेल, तर वॅन आणि लॅन एकाच गटात येतात आणि इंटरनेट चालत नाही. लोक मग डीएनएस बदलत बसतात. राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१०.१ करा, काम संपले. सेवा कंपनीच्या फायबरच्या डब्यावरच ओपनडब्ल्यूआरटी बसवण्याचा विचार मात्र सोडून द्या. तो डबा आपला नसतो आणि बिघडला तर जोडणीच जाते.

वायफाय चालू करताना देश म्हणून भारत निवडा. पाच गिगाहर्ट्झमध्ये १००च्या आसपासचा चॅनेल घेतला तर रडार आहे का हे तपासण्यासाठी राउटर किमान एक मिनिट गप्प बसतो. इथेही लोकांचा धीर सुटतो.

सगळी पॅकेजेस एकदम अद्ययावत करणे

उबुंटूवर हात बसलेले लोक ही चूक हमखास करतात. ओपनडब्ल्यूआरटीची मूळ प्रणाली स्क्वॉशएफएस या न बदलणाऱ्या भागात असते आणि तुम्ही केलेले बदल तिच्यावर एका छोट्या थरात साठतात. पॅकेज बसवण्याच्या आज्ञेने सगळे अद्ययावत केले की जुनी पॅकेजेस खाली तशीच राहतात, नवी वरच्या थरात भरतात, जागा संपते, आणि जुन्या गाभ्याशी न जुळणारे काहीतरी मध्येच बसून राउटर अर्धवट अवस्थेत अडकतो. आधीपासून आत असलेले पॅकेज काढून टाकले तरी जागा मोकळी होत नाही, याचेही कारण हेच आहे. मी पॅकेजे एकेकटी अद्ययावत करत नाही. नवी आवृत्ती आली की ओपनडब्ल्यूआरटीच्या फर्मवेअर सिलेक्टर या पानावर लागणाऱ्या पॅकेजांची यादी देऊन पूर्ण फाइल तयार करून घेतो, सेटिंग्जची प्रत संगणकावर उतरवतो आणि सिसअपग्रेडने चढवतो. ती यादी, लेबलचा फोटो आणि कॅलिब्रेशनच्या भागाची प्रत मी प्रत्येक राउटरच्या नावाने केलेल्या फोल्डरमध्ये एकत्र ठेवतो, आणि भाच्याच्या राउटरच्या फोल्डरसोबत एक नवी पिवळी केबलही दिली आहे.