रणजीचा हंगाम वहीत कसा मांडावा

रणजीच्या हंगामात पहिला प्रश्न ‘कोण जिंकलं’ हा नसून ‘पहिल्या डावात आघाडी कोणाची’ हा असतो. पेपरात ‘सामना अनिर्णित’ एवढंच छापून येतं, पण त्याच सामन्यातून एका संघाला ३ गुण मिळालेले असतात आणि दुसऱ्याला १. हा दोन गुणांचा फरक ऑक्टोबरमध्ये नगण्य वाटतो. फेब्रुवारीत उपांत्यपूर्व फेरीला कोण गेलं आणि कोण घरी बसलं, ते त्यानेच ठरलेलं असतं. वही ठेवायची ती यासाठी.

आधी सांगाडा. ३८ संघांपैकी ३२ एलिट या वरच्या विभागात, आठ-आठच्या चार गटांत. उरलेले ६ प्लेट या खालच्या विभागात. एलिट संघाला साखळीत ७ सामने, प्रत्येकी चार दिवसांचे. गटातले पहिले दोन संघ बाद फेरीत जातात आणि तिथले सामने पाच दिवसांचे. अलीकडे हंगाम दोन तुकड्यांत होतो: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाच फेऱ्या, मग पांढऱ्या चेंडूच्या (एकदिवसीय आणि टी-२०) स्पर्धा, आणि जानेवारीच्या उत्तरार्धात उरलेल्या दोन. या खंडाची वहीत जाड रेघ मारून ठेवा. खंडानंतर संघ बदलतो, हवा बदलते, खेळपट्टीही बदलते. नोव्हेंबरचा फॉर्म जानेवारीत जसाच्या तसा धरला की अंदाज चुकतात.

गुण असे: निर्णायक विजय ६, डावाने किंवा दहा गडी राखून जिंकल्यास ७. अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाची आघाडी घेणाऱ्याला ३, दुसऱ्याला १. हरणाऱ्याला शून्य. पावसाने किंवा अंधुक प्रकाशाने दोन्ही पहिले डाव पुरेच झाले नाहीत, तर दोघांना १-१.

नवशिके इथेच दोन चुका करतात. एक, आघाडी घेऊन जिंकलेल्या संघाला ६ अधिक ३ देतात; ३ गुण फक्त सामना अनिर्णित राहिला तरच, नाहीतर नाहीत. दोन, आघाडी घेऊन नंतर हरलेल्या संघाच्या खात्यात ३ तसेच राहू देतात. तो संघ शून्यावर असतो. पहिल्या डावानंतर लगेच लिहायचंच असेल तर पेन्सिलीने लिहा, पेनने चौथ्या दिवशी.

दोनशे पानी आडवी वही पुरते. एका संघाला एक पान आणि रकाने असे: फेरी, प्रतिस्पर्धी, मैदान, नाणेफेक, दोन्ही पहिले डाव (धावा, गडी, षटकं), आघाडी कितव्या षटकात ओलांडली, निकाल, गुण, एकूण गुण. शेवटी चार अरुंद रकाने मोकळे ठेवा: केलेल्या धावा, गमावलेले गडी, दिलेल्या धावा, घेतलेले गडी. हे कोशंटसाठी. मोबाइलमधल्या शीटवरही हेच जमतं, पण मैदानावर उन्हात वही बरी पडते.

कोशंट म्हणजे आपली दर गड्यामागची धाव भागिले प्रतिस्पर्ध्यांची दर गड्यामागची धाव. गुण सारखे झाले, विजय वगैरे मोजूनही गाठ सुटली नाही, की हा आकडा कामी येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पर्वरीत गोव्याने अरुणाचलला ८४ आणि ९२ धावांत गुंडाळलं आणि स्वतः २ बाद ७२७ केल्या. स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, कश्यप बखले नाबाद ३००, तिसऱ्या गड्यासाठी अभेद्य ६०६. विजय एक डाव आणि ५५१ धावांनी. आता मांडा: ७२७ भागिले २ म्हणजे ३६३.५. अरुणाचलच्या १७६ भागिले २० म्हणजे ८.८. भागाकार ४१.३. डाव घोषित केला तरी गडी पडले तेवढेच धरायचे, म्हणजे २, दहा नाही.

पण हा ४१.३ दुसऱ्या सामन्याच्या कोशंटमध्ये मिळवून सरासरी काढू नका. समजा पुढच्या सामन्यात त्याच संघाने २० गड्यांत ५०० केल्या आणि १४ गडी घेत ५०१ दिल्या. या सामन्याचं कोशंट ०.७०. दोन्हींची सरासरी २१ येते, आणि ती साफ चूक आहे. बेरीज आधी, भागाकार नंतर: १२२७ भागिले २२ म्हणजे ५५.७७, ६७७ भागिले ३४ म्हणजे १९.९१, कोशंट २.८०. एका राक्षसी विजयाचा परिणाम किती उरतो ते या २.८० मधून दिसतं.

शेवटच्या फेरीआधी प्रत्येक गटाचं एक वेगळं पान करा: कोणाला किती हवेत, कोण कोणाशी खेळतंय, आणि कोणाचा निकाल कोणाच्या हाती आहे. २०२४-२५ च्या अ गटाइतकं शिकवणारं पान सापडणं कठीण. शेवटच्या फेरीला जम्मू-काश्मीर २९, बडोदा २७, मुंबई २२. बडोदा आणि जम्मू-काश्मीर वडोदऱ्यात एकमेकांविरुद्ध, मुंबईची गाठ बीकेसीवर मेघालयशी. मुंबई नुसती जिंकली तर २८. तिकडे बडोदा आघाडी न घेता अनिर्णित राखू शकला तरी त्याचेही २८ आणि मग गाठ सोडवत बसायचं. म्हणून ७ गुण हवेतच. मेघालय पहिल्या डावात ८६ वर संपला, शार्दुल ठाकूरची हॅट्ट्रिक झाली, मुंबईने ७ बाद ६७१ वर डाव घोषित केला, मेघालय पुन्हा १२९. एक डाव आणि ४५६ धावांनी विजय, मुंबई २९. वडोदऱ्यात जम्मू-काश्मीर जिंकला, ३५ वर गेला, बडोदा २७ वर राहिला. बोनसच्या त्या एका गुणाकडे चारही दिवस लक्ष असलं तरच कळतं की धावांचा डोंगर कशासाठी उभा राहत होता.

डाव घोषित करण्याचं गणितही याच गुणांतून उमगतं. आघाडी घेतलेल्या कर्णधाराच्या खिशात ३ आहेत. निर्णायक विजयासाठी त्याने उदारपणे लक्ष्य दिलं तर ३ मिळवायला ३ पणाला लागतात. मागे पडलेल्याकडे १ च आहे. तो १ घालवून ५ जास्त मिळवू शकतो. म्हणून चौथ्या दिवशी आघाडीवाला रेंगाळतो आणि लोक ‘भित्रा’ म्हणून ओरडतात. गटात तो कुठे उभा आहे हे पाहिल्याशिवाय असा शिक्का मारू नये.

बाद फेरीत हे आणखी टोकाला जातं, कारण तिथे सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावाची आघाडी म्हणजेच विजय. २०२४-२५ ची केरळची वाट वहीत सविस्तर लिहून ठेवावी अशी. पुण्यात उपांत्यपूर्व फेरीत जम्मू-काश्मीरच्या २८० ला केरळचं उत्तर २८१. आघाडी एका धावेची, तीही सलमान निझार आणि बेसिल थंपी या शेवटच्या जोडीच्या भागीदारीवर. मग अहमदाबादला उपांत्य फेरीत केरळ ४५७, गुजरात ४५५. गुजरातचा शेवटचा गडी मैदानावर होता, आघाडीला तीन धावा कमी होत्या. आदित्य सरवटेच्या चेंडूवर नागवासवालाने जोरात फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगवरच्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमधल्या सचिन बेबीच्या हातात पडला. नियमाप्रमाणे तो झेलच. हेल्मेटला लागून आलेला चेंडू झेलला तर २०१७ पासून फलंदाज बाद होतो. नागपूरजवळ जामठ्याला झालेल्या अंतिम सामन्यात मात्र आघाडी विदर्भाची, ३७९ विरुद्ध ३४२. दानिश मालेवारने १५३ केल्या. दुसऱ्या डावात विदर्भाने ९ बाद ३७५ पर्यंत फलंदाजी केली, केरळला बॅट हातात घ्यायला मिळालीच नाही, आणि करंडक विदर्भाने जिंकला.

म्हणून दुसऱ्यांदा फलंदाजी करणारा संघ आघाडीपासून ५० धावांवर आला की वहीत लगेच गडी किती शिल्लक, नवा चेंडू कधी मिळणार, एवढं टिपा. नवा चेंडू ८० षटकांनंतर घेता येतो. आठ बाद आणि षटक ७८ असेल तर पुढची पंधरा मिनिटं जागेवरून हलू नका. फॉलोऑनची (मागे पडलेल्या संघाला लगेच दुसरा डाव खेळायला लावण्याची) रेषाही आधीच आखून ठेवा: चार दिवसांच्या सामन्यात १५० धावांची आघाडी लागते, पाच दिवसांच्या सामन्यात २००. बाद फेरीत ही रेषा बदलते हे अनेकजण विसरतात.

खेळाडूंचे आकडे लिहिताना फक्त धावा-बळी नकोत. फलंदाजाच्या नावापुढे तो आला तेव्हाची धावसंख्या लिहा. ३ बाद २० वर आलेल्याची साठी आणि २ बाद ३०० वर आलेल्याची साठी एका तराजूत बसत नाहीत. फिरकीपटूसमोर मैदान लिहा. विदर्भाच्या हर्ष दुबेने २०२४-२५ मध्ये ६९ बळी घेऊन एका हंगामातल्या सर्वाधिक बळींचा विक्रम केला. असा आकडा मैदानांसकट मांडला की त्यातला कस दिसतो.

मैदानावर जायचं तर बहुतेक साखळी सामन्यांना प्रवेश विनामूल्य असतो, पण कोणतं गेट उघडं आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्या. खेळ साधारण साडेनऊला सुरू होतो, पूर्वेकडे लवकर. गहुंजेला सावलीचा स्टँड गाठायचा तर नऊच्या आत पोचा. पाणी, टोपी, दुर्बीण, पेन्सील आणि खोडरबर. साइटस्क्रीनच्या वरच्या बाजूला, गोलंदाजाच्या हातामागे बसा. बाजूच्या स्टँडमधून चेंडू किती वळला ते कळत नाही. आणि उपाहाराला बाहेर पडू नका, त्या चाळीस मिनिटांत खेळपट्टीवरचे खड्डे, बुटांच्या खुणा दुर्बिणीतून निवांत बघता येतात.