जुन्या धाटणीचं वैमानिकी जॅकेट घेताना

गोव्यातल्या हणजूणच्या बुधवारच्या बाजारात 'पायलट जॅकेट' म्हणून जे टांगलेलं असतं, त्याची पाठ आधी बघा. अमेरिकी लष्करी हवाई दलाने 1931 साली स्वीकारलेल्या ए-2 जॅकेटची पाठ एकाच अखंड कातड्याची असे; मध्ये शिवण नसे. मोठं, निर्दोष कातडं महाग पडतं, म्हणून स्वस्त नकलेत तुकडे जोडतात. पुढे झाकणाचे दोन खिसे, कॉलर बसवायला लपवलेली टिचबटणं, मनगटाला आणि कमरेला लोकरीची वीण. हात ऊबेला घालायचे तिरपे खिसे दिसले, तर ती अस्सल प्रतिकृती नव्हे.

कातडं कोणतं, हे विचाराच. मूळ ए-2 बहुतेक घोड्याच्या कातड्याचे, अमेरिकी नौदलाचं जी-1 जॅकेट बकरीच्या. गोव्यात मी बकरीचंच सुचवेन: हलकं, चिवट, दाणेदार. मेंढीचं हाताला मऊ लागतं खरं, पण लवकर फाटतं. पृष्ठभाग प्लास्टिकसारखा एकसारखा चकाकत असेल, तर वर रंगाचा जाड थर आहे. असं जॅकेट जुनं होताना खुलत नाही, सोलवटतं. चेन धातूची हवी. चार-पाच वेळा वर-खाली ओढून पाहा.

माप अंगासरशी घ्या. हात वर केल्यावर कमरेची पट्टी थोडी वर सरकणारच, ते जॅकेट मुळातच आखूड असतं.

आणि आपला पावसाळा! प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलंत तर बुरशी ठरलेली. रुंद हँगरवर, सुती कापडाखाली टांगा. उघडीप मिळाली की सावलीत वारा द्या.