होडीवरचं ब्राँझ: घासा कमी, खळबळा जास्त

माझी जुनी लाकडी होडी कोकणातून खडकवासल्याला आली, तेव्हा तिच्या क्लीट (दोर गुंडाळून बांधायचे खुंटे) आणि वल्हं अडकवायच्या कड्या काळपट तपकिरी होत्या. मी लिंबू-मीठ लावून त्या समईसारख्या लखलखीत केल्या. पावसाळ्यानंतर ताडपत्री काढली तर सगळीकडे पोपटी ठिपके, नख लावलं की पिठासारखे सुटणारे.

चूक मिठाची होती. त्यातलं क्लोराइड तांब्याला धरून बसतं, हवेतला ओलावा मिळाला की आम्ल तयार होतं आणि ते आणखी तांबं खातं. तपकिरी थर मात्र धातूचं रक्षणच करतो. तो काढायचा नाही.

आधी नग ओळखा. चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे. ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबं आणि कथील, पितळेत कथलाऐवजी जस्त. पितळेवर गुलाबी डाग दिसले तर जस्त निघून गेलंय. असा नग वरून धड दिसतो, पण ताण आला की तुटतो; बदलून टाका.

आता नग सुटे करून गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा, पाणी रोज बदला. समुद्रावरून आलेल्या होडीला हे जास्तच लागतं. चिकट मळ साबणाने आणि मऊ ब्रशने जातो, खाचेतला बांबूच्या काडीने. लोखंडी तारेची घासणी नको, तिचे कण रुतून गंजतात. अमोनियाचं पॉलिशही नको, त्याने ताणाखालचं पितळ तडकतं.

पोपटी भुकटी असेल तर ती खरवडून काढा. मग १ लिटर पाण्यात साधारण २० ग्रॅम खाण्याचा सोडा आणि २५ ग्रॅम कोरडा धुण्याचा सोडा विरघळवून नग बुडवून ठेवा. आठवड्याला द्रावण बदला. घाई चालत नाही. माझ्या एका क्लीटला दीड महिना लागला. बरं झालं का हे पाहायला, नग धुऊन, वाळवून, ओल्या फडक्यासोबत बंद डब्यात दोन दिवस ठेवा. पुन्हा पोपटी आलं, तर पुन्हा सोडा.

शेवटी स्वच्छ पाण्यात खळबळा, कडक उन्हात वाळवा आणि नग हाताला गरम लागत असतानाच टर्पेंटाइनमध्ये विरघळवलेलं मधमाश्यांचं मेण पातळ लावा. गार झाल्यावर सुती फडक्याने पुसा.

परत बसवताना स्क्रू ब्राँझचेच. जुन्या बाजारात पितळी स्क्रू स्वस्तात दिसले तरी मोह आवरा. डोलकाठी अॅल्युमिनियमची असेल तर मध्ये नायलॉनचा वॉशर घाला आणि स्क्रूही त्या धातूला टेकू देऊ नका. दोन धातू ओलाव्यात टेकले की अॅल्युमिनियम झिजतं. गोड्या पाण्यात हे हळू होतं, इतकंच.

जूनमध्ये ताडपत्री टाकाल तेव्हा तिच्या दोन्ही टोकांना वाऱ्याला वाट ठेवा. गच्च बांधलेल्या ताडपत्रीखाली घाम धरतो.