संगणकाला बोर्ड दिसत नसेल तर दोष कसा शोधावा

आर्डुइनो, नोडएमसीयू किंवा ईएसपी ३२ असा प्रोग्रॅम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड लॅपटॉपला जोडूनही आर्डुइनो आयडीईच्या (प्रोग्रॅम लिहून बोर्डावर चढवण्याच्या सॉफ्टवेअरच्या) पोर्टच्या यादीत दिसला नाही, की इंदूरमधली अभियांत्रिकीची आपली बहुतेक मुले आधी ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला बोर्डाशी बोलायला लावणारे सॉफ्टवेअर, शोधू लागतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. यूएसबीच्या तारांतून संगणकापर्यंत काही पोहोचतच नसेल, तर कोणताही ड्रायव्हर उपयोगी पडणार नाही. म्हणून दोष केबलमध्ये आहे, बोर्डात आहे की संगणकाच्या प्रणालीत, हे आधी ठरवावे.

प्रथम बोर्डाला जोडलेले सेन्सर, मोटर, रिले असे सगळे काढून ठेवावे. ब्रेडबोर्डवर ५ व्होल्ट आणि ग्राउंड एकमेकांना चिकटले असतील, तर संगणक त्या पोर्टचा पुरवठा तोडू शकतो आणि धडधाकट बोर्डही निकामी वाटतो.

त्यानंतर केबल तपासावी, आणि इथे घाई करू नये. यूएसबी २.० च्या केबलमध्ये दोन तारा विजेच्या आणि दोन माहितीच्या असतात. निव्वळ चार्जिंगसाठी बनवलेल्या स्वस्त केबलमध्ये माहितीच्या तारा बहुधा नसतातच. अशा केबलने बोर्डावरचा दिवा लागतो, पण संगणकाला काहीच कळत नाही, आणि ‘दिवा लागला म्हणजे केबल चांगली’ या समजुतीपायी संध्याकाळ वाया जाते. जेल रोडवरच्या दुकानात केबल घेताना डेटा केबल हवी असे स्पष्ट सांगावे आणि तिने मोबाईलमधले फोटो लॅपटॉपवर उघडतात का, हे पाहावे. आर्डुइनो उनो या बोर्डाच्या चौकोनी सॉकेटला मात्र प्रिंटरची केबल चालते. टाइप-सी सॉकेटच्या काही स्वस्त बोर्डांवर ५.१ किलोओहमचे दोन रोधक बसवलेले नसतात, त्यामुळे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने त्यांना वीजच मिळत नाही. एका टोकाला जुने रुंद यूएसबी असलेली केबल लावल्यास तेच बोर्ड चालू होतात. हबऐवजी लॅपटॉपचेच पोर्ट वापरावे.

आता विंडोजमधील डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडा ठेवून बोर्ड काढावा आणि पुन्हा जोडावा. यादीत काहीच हलले नाही, तर दोष केबल, सॉकेट किंवा बोर्डात आहे. ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ आणि कोड ४३ दिसला, तर काहीतरी जोडले गेल्याचे संगणकाला समजले, पण ओळख विचारल्यावर नीट उत्तर आले नाही. हाही बहुधा तारेचा, सोल्डरिंगच्या डागाचा किंवा चिपचा दोष असतो. पिवळ्या त्रिकोणासह कोड २८ दिसला, तरच ड्रायव्हरकडे वळावे. यूएसबी सॉकेटजवळच्या चिपवरील अक्षरे भिंगातून वाचावीत आणि सीएच ३४० असल्यास डब्ल्यूसीएचच्या, सीपी २१०२ असल्यास सिलिकॉन लॅब्जच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. अनोळखी संकेतस्थळावरचे ड्रायव्हर घेऊ नयेत.

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर पोर्ट दिसते पण उघडत नाही, तेव्हा वापरकर्त्याला डायलआउट या, पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या गटात घालून पुन्हा लॉगिन करावे. उबुंटू २२.०४ मध्ये सीएच ३४० चे पोर्ट क्षणभर दिसून नाहीसे होत असेल, तर ब्रेल उपकरणांसाठी असलेली बीआरएलटीटीवाय ही सेवा ते पोर्ट स्वतःकडे ओढून घेत असण्याची शक्यता मोठी असते. ती काढल्यावर अडचण सुटते. मात्र त्या संगणकावर कोणी दृष्टिहीन व्यक्ती ब्रेल उपकरण वापरत असेल, तर ती काढू नये.

रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड त्यावरचे बूटसेल बटण दाबून धरून जोडल्यास पेनड्राइव्हसारखा दिसायला हवा. ईएसपी ३२ एस३ मध्ये यूएसबी मुख्य चिपमध्येच असल्याने चुकीच्या प्रोग्रॅममुळेही पोर्ट गायब होऊ शकते. अशा वेळी बूट बटण दाबून धरावे, रीसेट दाबून सोडावे आणि मग बूट सोडावे. वेगळी सीपी २१०२ चिप असलेल्या बोर्डावर बूट बटणाचा ओळख पटण्याशी संबंध नसतो, ते केवळ प्रोग्रॅम चढवण्यासाठी असते.

एवढे करूनही बोर्ड दुसऱ्या संगणकावरही दिसला नाही, तर यूएसबीची चिप गेली असे समजावे. उनो असेल तर तो लगेच टाकू नये, कारण त्यातील मुख्य चिप एटीमेगा ३२८पी शाबूत असल्यास सहा पिनांच्या आयसीएसपी जोडणीतून यूएसबीएएसपी प्रोग्रॅमर या वेगळ्या उपकरणाने प्रोग्रॅम चढवता येतो.