टप कापल्यावर कूपचं वजन का वाढतं, आणि ते जिनिंगच्या काट्यावर कसं मोजायचं

कूपचा, म्हणजे दोन दरवाजांच्या पक्क्या टपाच्या कारचा, टप कापला की ती हलकी होणार, असं बहुतेकांना वाटतं. लग्नाच्या वरातीतली उघडी जीप डोळ्यासमोर असते, त्यामुळे हा समज पक्का होतो. जीपचं ते खरंही आहे. तिच्या खाली शिडीसारखी वेगळी चेसिस असते, सगळा भार ती घेते, टप फक्त सावलीपुरता. कूपला अशी वेगळी चेसिस नसते. फरशी, सिल (दरवाजाखालची लांब पोकळ पट्टी), खांब आणि टप मिळून एकच पेटी होते आणि ती पेटीच गाडीचा भार पेलते. तिचं झाकण काढलं तर गेलेला ताठपणा खालून लोखंड घालून परत आणावा लागतो, आणि ते लोखंड काढलेल्या टपापेक्षा जड भरतं.

हाताने अनुभवायचं असेल तर 15 किलो तेलाचा रिकामा पिपा घ्या. दोन्ही टोकं धरून पिळा, हलणारसुद्धा नाही. आता त्याची एक लांब बाजू कात्रीने कापून काढा, कडा धारदार असतात म्हणून हातमोजे घाला, आणि पुन्हा पिळा. पत्रा तोच, जोर तोच, पण पिपा सुपासारखा वळतो. बांधावरून जाताना एक चाक वर आणि एक खाली आलं की उघड्या कूपचं हेच होतं.

कारखान्यातही गणित बदलत नाही. पोर्शे 911 च्या 2019 च्या पिढीत कॅरेरा एस कूपचं वजन 1,515 किलो, तर कॅब्रिओलेचं, म्हणजे उघडणाऱ्या टपाच्या त्याच गाडीचं, 1,585 किलो. मॅक्लॅरेन 720 एस कूप आणि तिचीच उघडणाऱ्या टपाची स्पायडर यांच्यात फरक 49 किलोंचा आहे. तिचा सांगाडा कार्बन फायबरचा आणि मुळातच ताठ असल्याने वेगळं लोखंड घालावं लागलं नाही. तरी घडी होणाऱ्या टपाच्या यंत्रणेचं वजन चुकलं नाही.

कापण्याआधी कायदा

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून खाली दिलेलं काम प्रदर्शनाच्या, शिकण्याच्या किंवा स्वतःच्या शेतात फिरवायच्या गाडीसाठी समजा. रस्त्यावर चालवायची असेल तर कंपनीतूनच कन्व्हर्टिबल म्हणून निघालेली गाडी घ्या. टपाच्या कडेला पडद्याच्या एअरबॅग असलेली गाडी तर कापूच नका. फुगवणारी नळी ग्राइंडरखाली आली तर जिवावर बेतेल.

पहिलं वजन

कापूस येण्याच्या दिवसांत जिनिंगच्या धरमकाट्यावर ट्रॅक्टरची रांग असते, म्हणून उन्हाळ्यात किंवा अगदी सकाळी जा. आधी गाडी धुवा. काळी माती मडगार्डच्या आत बसली की किलोंनी वजन वाढवते. जॅक, पाने, स्टेपनी काढायची की ठेवायची ते ठरवा आणि दोन्ही वेळा तसंच ठेवा. पेट्रोल लिटरला साधारण पाऊण किलो भरतं, त्यामुळे टाकी दोन्ही वेळा सारखी हवी.

तीन वजनं घ्या: फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला, आत कोणी नाही. पुढचं आणि मागचं मिळून पूर्ण वजनाइतकं यायला हवं. येत नसेल तर काटा आणि बाजूचा रस्ता एका पातळीत नाहीत, दुसरा काटा शोधा. हे काटे 5 किंवा 10 किलोंच्या टप्प्याने वजन दाखवतात, म्हणून सुट्या भागांसाठी सोयाबीनचे कट्टे मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा वापरा. त्याच दिवशी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची टेपने मोजून लिहून ठेवा. पुढे हे आकडे फार उपयोगी पडतात.

आधार, मग कटर

सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडतात. गाडी चाकांवर किंवा सस्पेन्शनजवळच्या टेकूंवर सपाट उभी करा. बॅटरीच्या तारा काढा. दरवाजाच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत पाइपचा तात्पुरता आधार वेल्ड करा, दोन्ही बाजूंनी, आणि एक आडवा. चौकटीचे कर्ण मोजून खडूने तिथेच लिहा. आधार न देता कापलं तर सिल मधून खचते, खांबांची वरची टोकं जवळ येतात, दरवाजाची वरची फट बुजते आणि दरवाजा लागत नाही. खचलेल्या स्थितीत नवं लोखंड वेल्ड झालं तर तो बाक कायमचा राहतो. आधार काढायचा तो सगळं मजबुतीकरण झाल्यावरच.

वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे तार आणि गॅसवर चालणारं, हवं. साध्या आर्क वेल्डिंगने पाऊण मिलिमीटरच्या पत्र्याला भोकं पडतात. गावात व्होल्टेज पडलं की टाका वरवर बसतो, दिसतो छान आणि सुटतो लवकर. अशा वेळी जनरेटर लावा किंवा थांबा.

हिशेब

लोखंडाचं वजन कागदावरच काढता येतं. 1 मिमी जाडीचा पत्रा चौरस मीटरला 7.85 किलो, 4 मिमी काच चौरस मीटरला 10 किलो. पाइपचे आकडे पुढे दिले आहेत. मापं नमुन्याची आहेत, तुमच्या गाडीची मापं तिथे घाला.

निघालेलं: टपाचा 0.8 मिमी पत्रा, 1.6 चौरस मीटर, 10 किलो. कडेच्या पट्ट्या आणि आडव्या कमानी 9. मागची काच 7. आतलं अस्तर, दिवा, तारा 4. एकूण 30 किलो.

घातलेलं: दोन्ही सिलमध्ये 50×50×3 मिमी चौकोनी पाइप, मीटरला 4.43 किलो, 3.2 मीटरचे 14.2 किलो. सीटमागे तोच पाइप आडवा, 1.3 मीटर, 5.8. फरशीखाली 40×40×3 चा फुलीसारखा आधार, मीटरला 3.49 प्रमाणे 3.8 मीटरचे 13.3. कोपऱ्यांवर 3 मिमी पट्ट्या, 0.4 चौरस मीटर, 9.4. पुढच्या खांबांच्या आत 25 मिमी गोल पाइप, 3.1. डोक्यामागची 38×3 मिमी गोल पाइपची कमान, 4 मीटर, 10.4. झालं 56 किलो. हाताने उघडणारं कापडी हूड सांगाड्यासह 22 धरलं तर 78.

म्हणजे 30 गेले, 78 आले, गाडी 48 किलोंनी जड. 1,200 किलोंच्या गाडीत ही 4 टक्के वाढ. मोटर आणि पंपाचं हूड लावलं तर आणखी वाढते. हे वजन वाचवायला सिलचा पाइप बारीक करू नका. ताठपणा प्रामुख्याने तिथूनच येतो.

वजन कुठे बसलं

फक्त बेरीज पुरेशी नाही. टप उंचावर होता, नवं लोखंड फरशीत आहे, म्हणून गुरुत्वमध्य खाली येतो. ही चांगली गोष्ट. घडी घातलेलं हूड मात्र मागे बसतं. चाकांमधलं अंतर 2.5 मीटर असेल आणि 22 किलोंचं हूड पुढच्या आसापासून 2 मीटरवर असेल, तर मागच्या चाकांवर 22 × 2 ÷ 2.5, म्हणजे 17.6 किलो येतात. तेच हूड मागच्या आसाच्याही मागे डिकीत ठेवलं तर मागे त्याच्या वजनाहून जास्त भार पडतो आणि पुढची चाकं हलकी होतात. बैलगाडीत मागे जास्त भरलं की ती उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, तसंच. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंगची पकड कमी होते. म्हणून हूड सीटच्या जितकं जवळ बसवता येईल तितकं बसवा. बॅटरी पुढे असेल तर पुढेच राहू द्या.

काम संपल्यावर त्याच काट्यावर, तेवढंच पेट्रोल ठेवून, पुन्हा तीन वजनं घ्या आणि मडगार्डची उंची मोजा. मागे 30 किलो वाढले आणि चाकाजवळचा स्प्रिंगदर, म्हणजे स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला लागणारा जोर, मिलिमीटरला 25 न्यूटन असेल, तर मागची बाजू साधारण 6 मिमी बसेल. टेप 15-20 मिमी दाखवत असेल तर स्प्रिंग थकलेले आहेत किंवा कुठेतरी वेल्ड सुटला आहे. टायरवरचा भार क्रमांकही पाहा: 87 म्हणजे टायरमागे 545 किलो, 91 म्हणजे 615.

सिलमधल्या पाइपांना खालून निचऱ्याची भोकं ठेवा आणि आतून गंजरोधक मारा. पावसाळ्यात हूडच्या शिवणीतून पाणी येतंच. फरशीवरच्या फोमने 5 लिटर पाणी धरलं तर ते 5 किलो वजनही आहे आणि गंजही. पहिल्या झडीनंतर मॅट उचलून फोम हाताने दाबून बघा.