वापरलेला फोन घ्यायला निघताय? पैसे देण्याआधी नेट जोडा

गेल्या वर्षी वापरलेला आयफोन घेतला. विकणाऱ्याने त्यातला सगळा डेटा आधीच पुसून आणला होता, स्क्रीनवर 'हॅलो' दिसत होतं, म्हणून फोन कोरा आहे असं मी धरून चाललो. घरी वायफाय जोडलं आणि 'आयफोन लॉक्ड टू ओनर' असा पडदा आला, खाली कुणाच्या तरी ईमेलचं पहिलं अक्षर आणि पुढे नुसते ठिपके. खातं विकणाऱ्याच्या भावाचं निघालं आणि भावाला पासवर्ड आठवेना.

म्हणून जाताना स्वतःचा फोन पूर्ण चार्ज करून न्या. त्यात डेटा हवा, कारण हॉटस्पॉट तुम्हालाच द्यायचा आहे. चालू सिम आणि सिमचा ट्रे उघडायची पिन घ्या. काच, बॅटरी, कॅमेरा तुम्ही बघालच.

सगळ्यात आधी विचारा की फोनमधलं खातं कुणाचं आहे. 'माझंच' म्हणाले तरी सेटिंग्जमध्ये वरचं नाव वाचा. तिथे फोन एखादी संस्था सांभाळते असं लिहिलेलं दिसलं, तर तो ऑफिसचा आहे. पुसला तरी सुरू होताना बहुतेकदा त्याच संस्थेकडे परत जातो. सोडून द्या. खातं मुलाचं, भावाचं, बायकोचं असेल तर ती व्यक्ती फोनवर उपलब्ध हवी, 'नंतर विचारून सांगतो' चालणार नाही. मालक दूर असला तरी आयक्लाउडवर, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन खात्यात, लॉगिन करून तो फोन पुसू शकतो आणि खात्यातून काढू शकतो. पुसणं आणि काढणं वेगळं आहे, दोन्ही करून घ्या.

आयफोनवर फाइंड माय (हरवलेला फोन शोधायची सोय) चालू असलं की ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे फोन मालकाच्या खात्याला बांधणारं कुलूप, आपोआप लागतं, २०१३ पासून हे असंच आहे. रिकव्हरी मोडमधून पुसल्याने ते जात नाही. ॲन्ड्रॉइडवरही तसंच: गूगल खातं न काढता बटणं दाबून रिसेट केला, तर फोन आधीचंच खातं मागतो. सॅमसंग, शाओमीची खाती याशिवाय वेगळी असतात, तीही बघा.

आयफोनमध्ये चोरीपासून संरक्षणाची सोय चालू असेल आणि तुम्ही नेहमीच्या जागेबाहेर भेटत असाल, तर खात्यातून बाहेर पडायला तासभर थांबावं लागू शकतं. विकणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा, म्हणजे तो 'राहू द्या, घरी करतो' म्हणणार नाही.

आता मूळ मुद्दा. फोन पुसून झाला की तो नेटला जोडा, तिथेच, मालक समोर असताना. हॅलोचा पडदा म्हणजे काहीच सिद्ध झालं नाही. भाषा निवडा, वायफाय जोडा, पुढे जात राहा, होम स्क्रीन येईपर्यंत. कंपनीच्या सर्व्हरशी बोलल्याशिवाय लॉक आहे की नाही हे खात्रीने कळत नाही. नेट नाही म्हणाले तर हॉटस्पॉट द्या. वेळ नाही म्हणाले तर पैसे देऊ नका. होम स्क्रीन दिसली की मगच पैसे. हे मी गेल्या वेळी केलं नाही, बाकी सगळं केलं होतं, आणि त्या बाकी सगळ्याचा शून्य उपयोग झाला.

*#०६# दाबून १५ आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घ्या, खोक्यावरच्याशी जुळवा. आयफोनच्या 'अबाउट'मध्ये कॅरिअर लॉक (फोन एकाच कंपनीच्या सिमला बांधलाय का) बघा, सिम घालून एक कॉल करा. हप्ते थकलेत का विचारा.

मूळ खरेदीची पावती मागून घ्या, कंपनीकडे लॉक काढायची विनंती करायची वेळ आली तर तीच लागते. पैसे घेऊन लॉक उघडून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. ईसिम उरलं असेल तर काढून टाका. आणि नेट जोडल्याशिवाय तिथून निघू नका.