हळदीचा रंग कसा काढावा, कसा जपावा आणि कसा तपासावा

पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा थेंब सांडतो, डागाला साबण लावताच तो पिवळ्याचा तांबडा होतो, आणि डाग आता पक्का बसला असे समजून बहुतेक जण तिथेच हात टेकतात. वास्तविक त्या क्षणी कापडाचे काहीच बिघडलेले नसते. हळदीला पिवळेपणा देणारे द्रव्य म्हणजे कर्क्युमिन, आणि ते आम्लात पिवळे तर अल्कलीत तांबडे दिसते. साबण अल्कधर्मी असल्यामुळे डाग तांबडा होतो. त्याच डागावर लिंबू पिळले, तर तो पुन्हा पिवळा होतो.

कर्क्युमिनचे रेणुसूत्र सी२१एच२०ओ६ असे आहे. १८१५ साली फोगेल आणि पेल्तिए या शास्त्रज्ञांनी हळदीतून हे रंगद्रव्य वेगळे केले. त्याची रचना मात्र १९१० साली कळली. वाळलेल्या हळदीत कर्क्युमिन आणि त्याची दोन भावंडे मिळून साधारण दोन ते पाच टक्के भरतात. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात थोडे आणि अल्कोहोलमध्ये चांगले विरघळते, आणि उजेडात हळूहळू मोडते. घरातल्या हळदीच्या बाबतीत जे जे करायचे किंवा टाळायचे, त्याचे कारण बहुतेक वेळा या स्वभावातच सापडते.

डागापासूनच सुरुवात करू. आधी तुपातेलाचा अंश टिपकागदाने किंवा कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. डाग चोळू नये. मग कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट किंवा अल्कोहोलचे सॅनिटायझर घेऊन डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत जावे. पाण्याला दाद न देणारा रंग इथे बोळ्यावर उतरू लागतो. स्पिरिट ज्वालाग्राही असल्याने हे काम शेगडीपासून दूर, खिडकी उघडी ठेवून करावे, आणि रेशमी किंवा रंगीत कापड असेल तर आधी आतल्या शिवणीवर परीक्षा घ्यावी. त्यानंतर साबण लावावा. डाग तांबडा झाला तरी थांबू नये, कारण अल्कलीत कर्क्युमिन अधिक लवकर मोडते. कापड खळबळून ओलेच कडक उन्हात वाळत घालावे. राहिलेला फिकट पिवळा रंग एकदोन दिवसांच्या उन्हात जातो. डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री मात्र करू नये.

स्वयंपाकात हेच ज्ञान उलट बाजूने कामी येते. कर्क्युमिन तेलात उतरते, म्हणून हळद फोडणीत घालण्याची आपली रीत रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही योग्य आहे. पोह्यांवर कोरडी हळद भुरभुरली तर काही पोहे गडद आणि काही पांढरे राहतात. तीच हळद फोडणीत घातली तर प्रत्येक पोह्याला रंग सारखा लागतो. मोहरी तडतडल्यावर आणि हिंग घातल्यावर आच मंद करावी, हळद घालावी आणि लगेच कांदा, भाजी किंवा पाणी घालावे. हळदीची पूड बारीक असल्याने ती गरम तेलात काही क्षणांत करपते, आणि करपलेल्या हळदीचा कडवटपणा पुढे कशानेही झाकला जात नाही.

ढोकळ्यावर पडणारे लाल ठिपके हाही याच द्रव्याचा प्रताप आहे. पिठात हळद असते, सोडा नीट मिसळलेला नसतो, आणि जिथे सोड्याचा कण राहतो तिथे हळद तांबडी होते. हळद अगदी थोडी घालावी, सोडा आधी चाळून किंवा चमचाभर पाण्यात विरघळवून मिसळावा, आणि पिठात लिंबाचा रस पुरेसा असावा, म्हणजे ठिपके पडत नाहीत.

आता पोटात जाणाऱ्या हळदीविषयी. कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषले जाते आणि जे शोषले जाते ते यकृत लगेच बाहेरच्या वाटेला लावते. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिरीतले २० मिलिग्रॅम पायपरिन दिल्यावर माणसाच्या रक्तात पोचणारे कर्क्युमिन वीसपट झाले. हळदीच्या दुधात मिरपूड घालण्याला त्यामुळे आधार आहे. पण चमचाभर हळदीत कर्क्युमिन मुळातच फार थोडे असते, हेही लक्षात ठेवावे. रोजच्या जेवणातली हळद बिनधास्त खावी. गोळ्यांचे तसे नाही. तीव्र मात्रेच्या गोळ्यांमुळे, विशेषतः मिरीचा अर्क घातलेल्या गोळ्यांमुळे, यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. पित्ताशयात खडे असतील किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा गोळ्या घेऊ नयेत.

जखमेवर हळद लावण्याच्या गुणाचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले होते. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआर या भारत सरकारच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने आपल्या जुन्या ग्रंथांचे पुरावे मांडून त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. त्या लढाईचा अभिमान मलाही आहे, पण म्हणून डब्यातली हळद खोल जखमेत भरू नये. ती निर्जंतुक नसते. जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुणे हा पहिला उपाय.

विकत घेताना केवळ गडद रंगावर भुलू नये. हळदीचा वास कर्क्युमिनचा नसून तिच्यातल्या उडनशील तेलाचा असतो, त्यामुळे रंग आहे पण वास नाही अशी पूड जुनी किंवा भेसळीची असू शकते. पेलाभर पाण्यात चमचाभर पूड न ढवळता सोडावी. चांगली हळद तळाशी बसते आणि वरचे पाणी फिकट पिवळे राहते. पाणी लगेच भडक पिवळे झाले तर कृत्रिम रंगाचा संशय घ्यावा. या परीक्षेची एक मर्यादा आहे आणि ती गंभीर आहे. लेड क्रोमेट हा शिसेयुक्त पिवळा रंग पाण्यात विरघळत नाही, म्हणून पुडीत तो या रीतीने सापडत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. माझ्या मते सुरक्षित मार्ग म्हणजे हळकुंडे आणून दळून घेणे. त्यातली दोनचार पाण्यात टाकून पाहावीत. वरून चोळलेला रंग लगेच सुटून पाणी पिवळे झाले, तर ती परत करावीत. सांगलीची आणि वर्धा भागातली वायगावची हळद भौगोलिक मानांकन मिळालेली आहे.

साठवण अंधारात करावी. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत आले आहेत, जिथे उजेड नाही आणि हवाही खेळत नाही. घरी काचेची बरणी खिडकीत मांडण्यापेक्षा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा बरा, आणि दळण चारसहा महिन्यांच्या गरजेपुरतेच आणावे.

शेवटी कुंकू, कारण पारंपरिक कुंकू हळदीतूनच होते हे नव्या पिढीला सांगावे लागते. त्याची सर्वात सोपी परीक्षा अशी: चिमूटभर हळदीत पाण्याचे दोन थेंब आणि मोहरीएवढा खायचा चुना मिसळावा, ती लालभडक होते. पण हा लाल रंग टिकत नाही. लिंबाच्या रसाने तो परत पिवळा होतो. म्हणून पारंपरिक कृतीत लिंबाच्या रसासोबत टाकणखार (बोरॅक्स) आणि तुरटी वापरतात. टाकणखारातले बोरॉन आम्लात कर्क्युमिनशी बांधले जाऊन जे लाल संयुग बनते, ते आम्लाने उतरत नाही. टाकणखार खाण्याचा पदार्थ नाही, म्हणून त्याची भांडी स्वयंपाकाच्या भांड्यांपासून वेगळी ठेवावीत आणि ते मुलांच्या हाती लागू देऊ नये. हळकुंडांचे तुकडे या मिश्रणात रंग आतपर्यंत जाईस्तोवर भिजू द्यावेत, सावलीत पूर्ण वाळवावेत, मग कुटून वस्त्रगाळ करावेत. उन्हात वाळवले तर जो रंग आणण्यासाठी एवढा खटाटोप केला, तोच उडतो.